ट्रॅक डेला जाताना अंगावर काय असावे

गेल्या काही वर्षांत मंडळातल्या घरांमधून एक नवी हौस शिरली आहे. मुलांचे पगार वाढले, दारात वेगवान गाड्या आल्या आणि आता त्या गाड्या मनसोक्त पळवायला मुले हैदराबादहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, नाहीतर कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जातात. आमच्या चिरंजीवांनी मागल्या हिवाळ्यात हाच बेत केला. आम्ही दोघांनी आधी नाके मुरडली. विरोधाचा उपयोग नाही हे कळल्यावर आयोजकांची नियमावली घेऊन बसलो. उभी नोकरी बँकेत बारीक अक्षर वाचण्यात गेली, ती सवय कामी आली.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरून, बंद ट्रॅकवर, गटागटाने आपलीच गाडी चालवायची. नंबर नाही, बक्षीस नाही. (तरीही आपल्या मोटार विम्याची पॉलिसी आधी वाचा. शर्यत आणि वेगचाचणी त्यात वगळलेली असते आणि ट्रॅकवरचे नुकसान बहुधा आपल्याच खिशातून जाते.) पोशाखाचे नियम शर्यतीइतके कडक नसतात, आणि म्हणूनच मुले तिकडे दुर्लक्ष करतात.

चिरंजीवांनी बॅगेत भरली होती चमकदार जर्सी, ट्रॅक पँट आणि जाड तळाचे रनिंग शूज. दिसायला सगळे खेळाडूचे, पण कामाला उलटे. जर्सी पॉलिएस्टरची. 'ड्राय फिट' म्हणून जे विकले जाते ते बहुतेक पॉलिएस्टरच असते. गाडीत आग लागणे दुर्मीळ, पण लागली तर पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात. सुती कापडही जळते, ते अग्निरोधक नाही. पण ते वितळत नाही. कापडाबद्दल शंका असेल तर शिवणीच्या आतला एक दोरा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर पेटवून पाहा. सुती दोऱ्याला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टरचा दोरा आक्रसतो आणि टोकाला कडक मणी होतो. आमच्या पिढीने टेरिकॉट मोठ्या ऐटीत वापरले. या परीक्षेत तेही नापास.

तेव्हा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण लांबीची सुती पँट, आत सुती बनियन आणि पायात सुती मोजे. नायलॉनचे मोजे सगळेच विसरतात. मुलींनी लेगिंग्ज टाळाव्यात. ओढणी, स्टोल, हुडीच्या नाड्या, असे लोंबणारे काहीही नको. अंगठ्या, कडे, गळ्यातली साखळी घरी ठेवावी. मंगळसूत्र काढायचे नसेल तर निदान ते शर्टाच्या आत असावे. केस लांब असतील तर मानेपाशी खाली बांधावेत, कारण अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, आणि पिना काढून टाकाव्यात.

आता बूट. आमच्या मते नवख्याने सगळ्यांत आधी बुटांकडे पाहावे, कारण आगीपेक्षा पेडलवरून पाय घसरण्याची शक्यता कितीतरी जास्त. ब्रेक किती दाबला हे चालकाला तळपायातून कळते. रनिंग शूजचा जाड, मऊ तळ ती जाणीव खाऊन टाकतो, आणि त्याच्या रुंद कडा ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरला लागतात. चप्पल, सँडल, उंच टाचा तर दारातच अडवल्या जातात. पातळ, सपाट तळाचे, अरुंद, बंद बूट हवेत. शाळेच्या पीटीचे कॅनव्हास बूट असत, तशा जातीचे. नाड्यांची टोके आत खोचावीत.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र काटकसर नको. स्कूटरवर घालतो ते आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट दुचाकीच्या मानकाचे असते. मोटारीसाठी स्नेल संस्थेचे 'एसए' मानक वेगळे आहे: आतले अस्तर आगीला तोंड देणारे, आणि गाडीतल्या लोखंडी पाइपवर डोके आपटेल हे धरून केलेली चाचणी. याच संस्थेचे 'एम' मानक मोटरसायकलचे, त्यात आगीची चाचणी नाही. खरेदी करताना आतल्या लेबलवरचे हे अक्षर आणि वर्ष पाहावे. एसए मानक दर पाच वर्षांनी नवे येते आणि जुनी हेल्मेटे काही आयोजक नाकारतात. हेल्मेट घालून मान हलवली की गालाची कातडीही हलली पाहिजे. नुसते हेल्मेट फिरले तर माप मोठे. जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि कोणाचे उसने घेतले तर आत सुती टोपडे घालावे.

मुलांना खरी हौस असते ती रेसिंग सूटची. नोमेक्ससारख्या धाग्याचा सूट आगीत वितळत नाही, पण तो विकत घेतो ते फक्त काही सेकंद. अमेरिकेतल्या एसएफआय मानकात सर्वांत साध्या सूटला सुमारे ३ सेकंद धरतात, आणि ३.२ए/५ दर्जाच्या सूटला १०. बहरीनमध्ये २०२० साली रोमां ग्रोजाँची फॉर्म्युला वन गाडी दोन तुकडे होऊन पेटली आणि तो २८ सेकंद आगीत होता. अंग वाचले, भाजले ते मुख्यतः हात. म्हणून आमचा हिशेब असा, की पैसे उरले तर आधी अग्निरोधक हातमोजे घ्यावेत. साध्या गाडीत पहिल्या ट्रॅक डेला सूट लागत नाही, आणि चेन्नईच्या उकाड्यात आतला माणूस लवकर थकतो.

मानेच्या रक्षणासाठी हान्स नावाचे उपकरण असते. ते खांद्यांवरून येणाऱ्या रेसिंग पट्ट्यांबरोबरच चालते. गाडीच्या नेहमीच्या तीन बिंदूंच्या सीटबेल्टबरोबर त्याचा उपयोग नाही. आमच्या चिरंजीवांनी ते मागवायचे ठरवले होते, ते पैसे वाचले.

दुसरे एक सुती बनियन, टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या न्याव्यात. दोन फेऱ्यांच्या मधे हेल्मेट काढून सावलीत बसावे, तहान लागण्याआधीच पाणी प्यावे.

शेवटी जर्सी घरीच राहिली. चिरंजीव आमचा बँकेतला जुना खादीचा शर्ट घालून गेले. परत आले तेव्हा त्याच्या पाठीवर घामाचे मीठ साचले होते. धुवायला टाकताना सौभाग्यवतींनी विचारले, "पुन्हा कधी जाणार?" तो म्हणाला, "फेब्रुवारीत." शर्ट इस्त्री करून वेगळा ठेवला आहे.