स्क्रू ढिला का होतो?

'याच्या डोक्याचा स्क्रू ढिला झालाय' असे आपण सहज बोलून जातो. इंग्रजीतही हाच वाक्प्रचार आहे. बिघाडासाठी इंग्रजीत रूढ असलेले असे कितीतरी शब्द कामाच्या जागी, यंत्रांच्या सहवासात जन्मले. ते उलगडताना विज्ञानही हाती लागते.

स्क्रूचा आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. स्क्रू आवळला की तो किंचित ताणला जातो. या ताणामुळे आटे एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण त्यांना उलटे फिरू देत नाही. मग स्क्रू ढिला का होतो? वर्गात एक फळी थोडी तिरपी करून तिच्यावर वीट ठेवावी. घर्षणामुळे वीट जागीच राहते. आता ती आडवी, डावी-उजवीकडे सरकवावी. प्रत्येक वेळी ती थोडी खालीही उतरते! घर्षण नेहमी घसरण्याच्या दिशेविरुद्ध असते. ते आडव्या हालचालीला विरोध करण्यात गुंतले की उतारावर अडवायला फारसे उरत नाही. आडव्या कंपनांमुळे स्क्रूचे नेमके हेच होते. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले.

'गो हेवायर' म्हणजे सगळा विचका होणे. 'हेवायर' ही वाळलेल्या गवताचे गठ्ठे बांधण्याची तार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील लाकूडतोडे, जिथे मोडकी अवजारे अशा तारेने बांधून काम रेटले जाई, त्या तळाला हे विशेषण लावत.

'बग' या शब्दाची गोष्ट मात्र सांभाळून सांगायला हवी. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून, 'बग' खरोखरच सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची नोंद केली गेली. तेव्हापासून हा शब्द रूढ झाला, असे आपण वर्गात सांगतो. पण शब्द आधीच प्रचारात नसता, तर या नोंदीतील विनोद कोणाला कळला असता? एडिसनने १८७८ सालच्या पत्रातच यंत्रातील दोषांना 'बग' म्हटले होते.

पतंगाची गोष्ट जरूर सांगावी. पण तिच्यापाठोपाठ हा प्रश्नही विद्यार्थ्यांना विचारावा. गोष्ट रंजक आहे म्हणून ती खरी ठरत नाही, हे त्यांना एकदा उमगले, की निम्मे विज्ञान शिकवून झाले.