अँटिबायोटिक आणि आकडी : भीती नको, माहिती हवी

देशातून आई-बाबा यायचे म्हटलं की त्यांच्या बॅगेत औषधांची एक पिशवी असतेच. बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांबरोबर "असू दे, लागलं तर" म्हणून आणलेली अँटिबायोटिकची पाकिटंही त्यात निघतात. या गोळ्यांनी पोट बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काही अँटिबायोटिकचा परिणाम मेंदूवरही होऊ शकतो, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत विजेचे संदेश पाठवत असतात. हा गोंगाट हाताबाहेर जाऊ नये म्हणून निसर्गाने ब्रेकही दिला आहे. 'गाबा' हे त्याचं नाव. हे रसायन पेशीवरच्या ठरावीक जागी, म्हणजे रिसेप्टरवर, बसलं की पेशी शांत होते. ब्रेक नीट लागला नाही, तर अनेक पेशी एकाच वेळी भडकतात आणि आकडी, म्हणजेच फिट, येते.

पेनिसिलिन थेट मेंदूवर लावलं तर आकडी येते, हे १९४५ सालीच दिसून आलं होतं. ते गाबाच्या रिसेप्टरचं काम अडवतं, हे पुढे उलगडलं. सेफालोस्पोरिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली काही औषधंही असाच अडथळा आणू शकतात. टीबीच्या आयसोनियाझिडची तऱ्हा वेगळी. त्याचा डोस फार जास्त झाला, तर गाबा तयार करायला लागणारं बी-६ जीवनसत्त्वच कमी पडतं. म्हणून अशा आकडीवर बी-६ देतात.

मग अँटिबायोटिक घ्यायचंच नाही का? तसं मुळीच नाही! १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती ही जीव वाचवणारी औषधं देशातच तयार व्हावीत म्हणून. नेहमीच्या डोसने बहुतेकांना आकडीचा त्रास होत नाही. यातली बरीच औषधं मूत्रपिंडं शरीराबाहेर टाकतात. मूत्रपिंडं कमजोर असली आणि डोस कमी केला नाही, तर मात्र औषध अंगात साठत जातं. उतारवय, पूर्वीची अपस्माराची व्याधी किंवा मेंदूला झालेली इजा असेल, तर धोका आणखी वाढतो.

प्रत्येक आकडीत हातपाय झटकले जातातच असंही नाही. २०१२ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सेफेपिम या इंजेक्शनाबद्दल हाच इशारा दिला होता. माणूस नुसता गोंधळतो, असंबद्ध बोलतो, सुस्त पडून राहतो. घरच्यांना वाटतं, वय झालंय, प्रवासाचा शीण असेल!

तेव्हा मंडळी, एवढं लक्षात ठेवू या. शिल्लक राहिलेली किंवा देशातून आणलेली अँटिबायोटिक मनाने सुरू करू नका. मूत्रपिंडाचा विकार किंवा अपस्मार असेल, तर जीपीला आणि फार्मसिस्टला आधी सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, कारण मेरोपेनेमसारख्या औषधाने व्हॅलप्रोएट या फिटच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण झपाट्याने घसरतं. डॉक्टरांनी दिलेला कोर्स न विचारता मध्येच सोडू नका. औषध चालू असताना माणूस अचानक गोंधळला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आकडी पहिलीच असेल किंवा पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच रुग्णवाहिकेसाठी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आई-बाबांच्या औषधांची यादी आजच करून फ्रिजवर लावून ठेवा. वेळेला तोच कागद कामी येतो.