लिसाची चुकलेली बस

कार्टून म्हणजे मुलांना जेवताना गप्प बसवायचं साधन, असंच मी आजवर धरून चालले होते. पण परवा आमच्या नववीतल्या लेकीने हाताला धरून बसवलं, "आई, हा भाग तू बघच." मेथी निवडायला घेतली होती, ती तशीच राहिली.

'द सिम्पसन्स' ही अमेरिकेतली विनोदी मालिका, १९८९ साली सुरू झालेली. 'लॉस्ट अवर लिसा' हा भाग १० मे १९९८ चा. घरात बाप होमर, आई मार्ज, दहा वर्षांचा उपद्व्यापी बार्ट, आठ वर्षांची हुशार लिसा आणि तान्ही मॅगी. गावच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलंय, आणि त्याचा शेवटचा दिवस. आई नेणार म्हणून लिसा हरखलेली. तेवढ्यात बार्ट गमतीच्या दुकानातल्या वस्तू डिंकाने तोंडाला पक्क्या चिकटवून घेतो. झालं! मार्ज त्याला घेऊन डॉक्टरांकडे, आणि लिसाचं जाणं रद्द.

इथे माझा हात थांबला. ज्याने गोंधळ घातला त्याच्यामागे सगळं घर धावतं, आणि जी शहाणी तिला आपण म्हणतो, "तू समजूतदार ना गं?" आमच्याकडेही धाकट्या चिरंजीवांच्या ऐन वेळच्या उद्योगांपायी लेकीचं चित्रप्रदर्शन दोनदा राहिलं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. मीही तिला शाबासकी देऊन मोकळी झाले होते!

लिसा मात्र गप्प बसत नाही. एकटीने बसने जायला आई नको म्हणते, तर ती बापाला कामावर फोन करून त्याच्याकडून 'हो' वदवून घेते आणि भलत्याच बसमध्ये बसते. पुढची धावाधाव सांगत नाही. होमर तिला शोधायला जातो आणि शेवटी तीच त्याचा जीव वाचवते, एवढं पुरे. मग तो तिला रात्री बंद संग्रहालयात चोरून नेतो. (शाळेत शिकवते म्हणून सांगते, हे मला मुळीच पसंत नाही.) तिथे त्याच्या धक्क्याने एक मौल्यवान गोळा खाली पडतो, उघडतो, आणि आतून सूर वाजू लागतात. ज्याचं गूढ विद्वानांना उकललं नव्हतं, ती निघते वाजणारी पेटी! अंधारात बापलेक ऐकत उभे राहतात.

मला वाईट वाटलं ते मार्जचं. तिची काळजी खोटी नव्हती, पोर खरंच हरवली होती. पण डॉक्टरांकडे बसून राहणं तिच्या वाट्याला, आणि ते सूर होमरच्या!

भाग संपल्यावर लेक म्हणाली, "आई, शनिवारी जहांगीरला जाऊ या?"

"अगं, याची चाचणी परीक्षा..." अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून विचारलं, "कितीची गाडी धरायची?"