घरी जुनी पद्मिनी उभी आहे? तिचं घरच्या घरी काय करता येतं आणि कशाला हात लावू नये?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे फोटो शेअर केले आणि 'एका युगाचा अंत' वगैरे लिहून मोकळे झालो. पण तो अंत टॅक्सीचा होता. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती. खासगी पद्मिनीला ही मर्यादा लागू नाही. आजही कुठल्या तरी सोसायटीच्या कोपऱ्यात, वाड्याच्या पडवीत कव्हरखाली एखादी पद्मिनी उभी असते. आजोबांनी घेतलेली, बाबांनी चालवलेली, आणि आता 'विकायची की ठेवायची' यावर घरात वाद सुरू असलेली.

ठेवायची असेल तर एक अडचण आहे. या गाडीचं काम येणारे मेकॅनिक आता साठीच्या पुढे गेलेत. नव्या गॅरेजमधला मुलगा लॅपटॉप जोडून बिघाड शोधायला शिकलेला असतो आणि पद्मिनीत लॅपटॉप जोडायला जागाच नाही. त्यामुळे बरीच कामं मालकालाच शिकावी लागतात. चांगली गोष्ट ही, की ती शिकण्यासारखी आहेत.

ही गाडी घरी दुरुस्त होते कशी?

वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात १९६४ पासून फियाटची '११०० डिलाइट' बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव 'पद्मिनी' झालं. म्हणजे गाडीचा मूळ आराखडा साठ वर्षांहून जुना. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही.

बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. इंजिन चालायला पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी पडणारी ठिणगी, या तीनच गोष्टी लागतात. गाडी बंद पडली की यातलं काय पोहोचत नाही, हे एकेक करून तपासायचं. मुंबईचे टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत गाडी चालू करायचे, त्यामागे एवढंच साधं गणित होतं.

गाडी चालवून जास्त खराब होते की उभी ठेवून?

उभी ठेवून. 'जुनी आहे, जपून ठेवू' म्हणत आपण ती महिनोन् महिने हलवत नाही आणि नेमकं तेच तिला महागात पडतं.

बॅटरी उतरते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर बारीक जेट बुजवतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. रबरी सील सुकतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर संसार थाटतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात यात गंजाची भर पडते, कोकणात तर खारी हवाही असते. प्लॅस्टिकचं कव्हर किंवा ताडपत्री गच्च गुंडाळली तर ओल आतच कोंडते. हवा खेळती राहील असं कापडी कव्हर वापरा आणि वर छप्पर असेल अशी जागा शोधा. फ्लोअर मॅट उचलून खालचा पत्रा महिन्यातून एकदा तरी बघा. पद्मिनीच्या इंजिनचं काम कधीही करता येतं, पण सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो.

सोपा नियम लक्षात ठेवा. दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढा आणि निदान अर्धा तास चालवा. जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने फायदा होत नाही. इंजिन पुरेसं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी तसंच राहतं.

बरीच वर्षं उभी असेल तर आधी काय करायचं?

नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. तो आवरा. इंजिनच्या आत तेलाचा थर उरलेला नसतो आणि कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टन घासला तर कायमचे ओरखडे पडतात.

आधी चारही प्लग काढा. काढताना प्रत्येक वायरवर नंबर लिहा, कारण क्रम चुकला तर इंजिन चालू होणार नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून सपाट जागेवर हळूहळू ढकला, म्हणजे इंजिन हाताच्या जोरावर फिरेल. अडकलं तर जबरदस्ती करू नका, मेकॅनिकला बोलवा.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. शिळ्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो. ते काढण्यासाठी तोंडाने नळी ओढायची नाही आणि हे काम बंद गॅरेजमध्ये करायचं नाही. इंजिन ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय चालू झालेली गाडी रस्त्यावर नेऊ नका.

घरी कोणती कामं करता येतात?

सामान फार लागत नाही. पाना सेट, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, फिलर गेज, ग्रीस गन आणि चांगली टॉर्च. गाडीची मूळ पुस्तिका किंवा तिची झेरॉक्स मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण सगळी मापं त्यात असतात.

१) प्लग बघणं: प्लगचा रंग इंजिनची तब्येत सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन जास्त तापतंय.

२) पॉइंट साफ करणं: मेकॅनिक ज्याला 'डेल्को' म्हणतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली हे दोन छोटे पॉइंट असतात. ते उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि फिलर गेजने पुस्तिकेतल्या मापाइतकी फट ठेवा. फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. म्हणूनच पॉइंटला हात लावल्यावर टायमिंग तपासावं लागतं.

३) इंजिन ऑइल: गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा बदला. तेल वापरून जसं खराब होतं, तसंच पडून राहूनही होतं. ग्रेड पुस्तिकेप्रमाणे घ्या. नव्या गाड्यांसाठीचं पाण्यासारखं पातळ तेल या इंजिनला चालत नाही.

४) ग्रीसिंग: पुढच्या चाकांच्या आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ग्रीसचे निपल असतात. स्टिअरिंग जड झालं की लोक स्टिअरिंग बॉक्सला दोष देतात, पण अनेकदा सांध्यांना वर्षानुवर्षं ग्रीसच मिळालेलं नसतं.

५) कूलंट, होज आणि फॅन बेल्ट: होज दाबून बघा. कडक झाला असेल, फुगला असेल किंवा त्यावर चिरा दिसत असतील तर बदला. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. गाडी एकदा जोरात तापली की ते वाकतं आणि हेड गास्केट जातं. शंभर-दोनशेचा होज बदलायचा कंटाळा केला की इंजिन खोलायची वेळ येते, ती अशी.

६) टायरची तारीख: टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतंच. बाजूला चिरा दिसल्या तर टायर बदला.

आणि मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये गाडी अचानक बंद पडली तर घाबरू नका. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला ते ओढता येत नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन थोडं निवू द्या आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा. टॅक्सीवाल्यांचा हा जुना उपाय आजही चालतो.

ई२० पेट्रोलचं काय?

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनी बनली तेव्हा याचा विचारही नव्हता. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा त्याला चिरा जातात. जुन्या गाड्यांमध्ये काही रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात, हे केंद्र सरकारनेही मान्य केलं आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो.

उपाय घरीच करता येतो. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालेल अशा प्रकारचे बसवून घ्या. टाकी आणि पंपाच्या मधे फिल्टर लावा. पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं गास्केट किट मेकॅनिककडून बदलून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत महिनोन् महिने जुनं पेट्रोल साठवू नका. आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी चालूच करू नका. गरम इंजिनवर गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

कशाला अजिबात हात लावायचा नाही?

- फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक घसरतो. मजबूत स्टँड लावा आणि खाली असलेल्या चाकांना ओट द्या. विटा किंवा दगडांचा भरवसा धरू नका.
- ब्रेक, स्टिअरिंग आणि पुढच्या सस्पेन्शनची खोलजोड जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते, ब्रेक बिघडले तर ती थांबत नाही.
- जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ती फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही.
- तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- विजेचं कोणतंही काम करण्याआधी बॅटरीची अर्थची तार काढा. पन्नास वर्षांच्या वायरिंगला शॉर्ट व्हायला निमित्त पुरतं.

कागदपत्रांचं काय?

खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, फिटनेस आणि पर्यावरण कर भरून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या कारचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये केलं. विमा आणि पीयूसी वेगळे. जुन्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी करावी लागते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. पण घाई करू नका. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर निघू शकते. रविवारी आई-बाबांना फिरवून आणायचं असेल तर साधी आरसीच वाढवत राहा.

मग सुरुवात कुठून करायची?

भागांची चिंता पहिली येते, पण पद्मिनी इतकी वर्षं टॅक्सी म्हणून धावली की तिचे बरेच भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांत शोधले तर सापडतात. जुना भाग सोबत घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवा.

माणसं मात्र अशी बाजारात मिळत नाहीत. तुमच्या भागात पद्मिनीचं काम जाणणारा एखादा मेकॅनिक अजून असेल, तर पुढच्या कामाला गाडी त्यांच्याकडे सोडून परत येऊ नका. तिथेच थांबा. ते काय करतात ते विचारा, परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा, वहीत तारीख आणि काम लिहा. इंजिनचा आवाज ऐकून 'टायमिंग मागे आहे' असं सांगणारा कान कुठल्याही पुस्तिकेत नाही. तो त्यांच्याकडून घेता आला, तर तुमच्या दारातली पद्मिनी आणखी बरीच वर्षं चालू राहील.