धनुर्वात : एका प्रथिनाचा छेद

धनुर्वात आता विरळ झाला आहे. आपल्या अनेक तरुण सहकाऱ्यांनी त्याचा रुग्ण पाहिलाही नसेल. सुरतेत उमेदवारी करीत असताना पाहिलेला एक रुग्ण मात्र मला अद्याप विसरता येत नाही. खानदेशातून लूमच्या कारखान्यात कामाला आलेल्या त्या तरुणाच्या पायात खिळा रुतला होता. प्रतिविष देऊनही झटके थांबेनात. "डॉक्टरसाहेब, सुई दिली ना, मग पोरगं अजून का आखडतंय?" या त्याच्या आईच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही.

ते उत्तर पेशीविज्ञानात आहे. चेतापेशीच्या टोकाशी संदेशवाहक रसायने सूक्ष्म पुटिकांत साठविलेली असतात. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन हे ११६ अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीपटलावरील सिन्टॅक्सिन व स्नॅप-२५ या प्रथिनांशी दोरीच्या पिळासारखे गुंफले जाते. पुटिका पटलाशी एकरूप होते आणि रसायन बाहेर पडते. पुटिकांच्या वाहतुकीवरील संशोधनासाठी रॉथमन, शेकमन व स्यूडहोफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

धनुर्वाताचे विष हेच प्रथिन ७६ व ७७ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये छेदते, असे १९९२ मध्ये सिद्ध झाले. बोटुलिनमचे बी-विषही नेमके तेथेच छेद देते. तरीही एकात स्नायू आखडतात, दुसऱ्यात लुळे पडतात. हा भेद स्थानाचा आहे. बोटुलिनम चेता-स्नायू संधीवर कार्य करते. धनुर्वाताचे विष चेतातंतूतून मज्जारज्जूपर्यंत चढते आणि निरोधक चेतापेशींतील ग्लायसीन व गाबा यांचा स्राव रोखते. स्नायूंवरील लगामच सुटतो.

प्रतिविष केवळ बाहेरील मुक्त विषाला निष्प्रभ करते. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून चेतापेशींचे कार्य पूर्ववत होईपर्यंत, कित्येक आठवडे, रुग्णाला सांभाळणे हाच उपचार. तीव्रता ठरविण्यासाठी पटेल व जोग यांनी १९५९ मध्ये मांडलेले पाच निकष आजही मार्गदर्शक आहेत : दातखीळ, झटके, सात दिवसांच्या आतील अधिशयनकाळ, पहिल्या लक्षणापासून ४८ तासांच्या आत झटके व ताप.

तो तरुण वाचला. परंतु लस न देताच मी त्याला घरी पाठविले. ती माझी चूक होती. या विषाची प्राणघातक मात्रा इतकी अल्प असते की रोग होऊनही प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. नवजात धनुर्वाताचे निर्मूलन भारताने २०१५ मध्ये साधले. प्रौढ कामगाराचे लसीकरण मात्र आपल्या स्मरणावर अवलंबून आहे. जखम बांधताना एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा : "शेवटची लस केव्हा घेतली होती?"