माणसे कुठे बसवायची?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांचे रूप पालटते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बाजूच्या वाड्या-तांड्यांतून माणसे निघू लागतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट बेळगावकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा आठ-दहा कोयत्यांची टोळी, त्यांची भांडी, कोपीचे बांबू, बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि पोरे हे सगळे एकाच वाहनावर चढते.

माझे अब्बा नालबंद होते. दसऱ्याच्या आधी आमच्या दारात बैल आडवे पाडलेले असायचे. डांबरी सडकेवर खूर झिजू नयेत म्हणून त्यांना पत्र्या ठोकाव्या लागत. मी शाळकरी पोरगा, बैलाचे पाय बांधलेला दोर धरून बसायचो. पुढे ट्रक वाढले, ट्रॅक्टर वाढले आणि अब्बांचे काम कमी झाले. गेल्या हंगामाच्या तोंडावर शेजारच्या एका बाईंनी मला विचारले, "भाऊ, यातलं कुठलं वाहन बरं?" त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर होती आणि मुकादमाने ट्रॅक्टर ठरवला होता. मला पटकन उत्तर देता आले नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

आधी बैलगाडी. आता ती लाकडी चाकाची राहिली नाही, तिला रबरी टायर आले. तिचा वेग माणसाच्या चालीएवढा. ती उलटली तरी उडी मारायला सवड मिळते. मग ती सर्वांत सुरक्षित म्हणावी का? दिवसा, गावरस्त्यावर, म्हणावी. पण तीच गाडी पहाटेच्या अंधारात महामार्गावर आली की तिचा संथपणाच तिचा वैरी होतो. मागून येणाऱ्या मोटारीला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. गाडीला दिवा नाही, आणि लोंबणाऱ्या उसाने, वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकलेला. उतारावर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. एका बैलाचा पाय घसरला की गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आता ट्रॅक्टर. हे यंत्र मुळात शेतासाठी घडवलेले. ढेकळांतून, सऱ्यांवरून जाता यावे म्हणून त्याची बांधणी उंच. जे उंच ते लवकर कलंडते, हे डोक्यावर घागर घेणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. त्याच्या मागच्या दोन चाकांना ब्रेकची दोन वेगळी पेडल असतात. शेतात जागच्या जागी वळायला ती सोय आहे. सडकेवर मात्र दोन्ही पेडल खिट्टीने जोडून घ्यायची असतात. ती जोडली नाहीत आणि घाईत एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो.

मागे दोन ट्रॉल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सपाटीवर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. धारूरच्या घाटासारख्या अरुंद वळणावर हे ढकलणे आडवे झाले की सगळी गाडी मोडलेल्या काडीसारखी दुमडते. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढणारे चालक मी पाहिले आहेत. त्या वेळी इंजिनचा आवरही सुटतो आणि सगळा भार दोन चाकांच्या ब्रेकवर येतो. चढावर मागचे ओझे जास्त झाले तर पुढची चाके उचलतात. मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे.

तिसरा ट्रक. त्याचे ब्रेक सगळ्या चाकांना, दिवे चांगले, बांधणी सडकेसाठी. यंत्र म्हणून तो या तिघांत उजवा. पण त्याचा वेग बघा. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. आणि माणसे बसतात कुठे? सामानाच्या ढिगावर, फाळक्याच्याही वर. तिथे आडवी येणारी फांदी आहे, लोंबणारी वीजतार आहे, आणि रात्रीची डुलकी आहे. एका गचक्यात झोपलेले पोर खाली जाते आणि केबिनमधल्या चालकाला ते कळतही नाही.

हा पेच फक्त आपलाच नाही. अमेरिकेत डोंगरात, वाळूत मौजेखातर फिरवायच्या तीनचाकी मोटारगाड्या निघाल्या होत्या. त्या इतक्या उलटल्या की 1988 मध्ये सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयात तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकी उरल्या. पण चौथे चाक आले म्हणून उलटणे संपले नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरीच अशा गाड्यांखाली चिरडून मरत. तिथे ऑक्टोबर 2021 पासून शेतकामाच्या नव्या चारचाकींवर संरक्षक कमान सक्तीची झाली. स्वीडनने तर नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट 1959 मध्येच सक्तीची केली होती.

या सगळ्यांतून निघालेला धडा एकच. सुरक्षितता चाके मोजून कळत नाही. गाडी कलंडली तर माणसाभोवती जागा उरते का आणि माणूस त्या जागेत टिकतो का, हे पाहावे लागते. चौकट जागा राखते, पट्टा माणसाला त्या जागेत राखतो. पण ट्रॅक्टरची चौकट आणि पट्टा असतो चालकासाठी. मडगार्डवर बसलेल्या बाईला आणि ट्रॉलीतल्या पोराला त्यातले काहीच मिळत नाही. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कुणाला बसवू नये, हे रस्त्याच्या नियमांत 1989 मध्येच लिहिले गेले आहे.

आपल्या जिल्ह्याचे नेते गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 रोजी दिल्लीत गेले. ते मोटारीत मागच्या आसनावर होते आणि दुसऱ्या गाडीची धडक बसली. छप्पर असलेल्या, चांगल्या मोटारीतही एक धडक माणूस नेते. मग उघड्या ट्रॉलीत पोत्यांवर बसलेल्यांचे काय? ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्या महामंडळाकडे, कारखान्यांकडे आणि मुकादमांकडे आपण एवढेच मागू या, की सामान ट्रॉलीत जाऊ द्या, माणसांना बस द्या. उचल ठरवताना, करार लिहिताना हे कलम पहिले असावे.

ते होईपर्यंत आपल्या हाती काय आहे? बायका, लेकरे, म्हातारी माणसे एसटीने पाठवावीत. राज्यात महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मार्च 2023 मध्ये सुरू झाली, ती अशा वेळी कामी येते. घाटरस्ता रात्री टाळावा. निघण्याआधी खिट्टी, ट्रॉलीची पिन आणि मागचे रिफ्लेक्टर टोळीतल्या एकाने स्वतः हात लावून बघावेत. चालक रात्रभर जागा असेल तर दोन तास उशीर झालेला चालेल. मुकादम रागावला तरी चालेल.

त्या बाईंना मी शेवटी हेच सांगितले, "सुनेला एसटीत बसवा." तिकिटाला पैसे लागतील म्हणून त्या क्षणभर थांबल्या. मग पदराची गाठ सोडून नोटा मोजू लागल्या. सून एसटीने गेली. टोळी तिच्या नंतर एका दिवसाने पोहोचली, सुखरूप.

बैल दारात आला की अब्बा गाडी कुणाची, किती मोठी, असे विचारत नसत. आधी बैलाचा पाय उचलून बघत. म्हणत, "पाय राहिला तर बैल राहील, बैल राहिला तर घर राहील." टोळी निघताना आपणही गाडी कुठली, हे नंतर विचारावे. आधी विचारावे, माणसे कुठे बसणार?