कारंजा (घाडगे) येथील नगरविकास व निवासघनता

कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे याहून वेगळे शहर होय. येथे पूर्वी ग्रामपंचायत होती. आता नगरपंचायत आहे. ग्रामीण स्वरूपाकडून नागरी स्वरूपाकडे संक्रमित होणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने केली.

निवासघनता

दर हेक्टरी घरांच्या वा रहिवाशांच्या संख्येस निवासघनता म्हणतात. ती केवळ उंच इमारतींमुळे वाढत नाही. विदर्भातील जुन्या गावठाणांत घरे बहुधा बैठी, पण एकमेकांस लागून असतात. त्यामुळे तेथे घनता अधिक असते व अरुंद गल्ल्यांत सांडपाण्याची नाली किंवा अग्निशमन वाहनासाठी जागा काढणे कठीण जाते. याउलट शेतजमिनीवर विरळ अभिन्यास पडल्यास पिकाऊ जमीन घटते आणि तेवढ्याच घरांसाठी जलवाहिनी, रस्ते व पथदिवे लांबवर न्यावे लागतात.

नियमन

विकास योजना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होते. बांधकामास डिसेंबर २०२० पासूनची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० आहे, म्हणजे २०० चौरस मीटर भूखंडावर २२० चौरस मीटर बांधकाम करता येते. ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते.